भावोजींच्या तोंडाला काळं कसं फासू?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच खिदळलात तर माझा धागा सुटतो. तर ऐका. मी दोन जिवंत, धडधाकट माणसांना, तीही कोण, तर माझी सख्खी नणंद आणि तिचे यजमान, एका दुपारात आधी नाहीसं केलं आणि मग थेट स्वर्गात नेऊन बसवलं. दोन्ही वेळा मनात अगदी पवित्र भाव होता हो! संकष्टीचा उपास होता माझा.

पहिल्यापासून सांगते.

आमचा नचिकेत बोटीवर असतो, महिनोन् महिने समुद्रात. त्याची बायको मृणाल पुण्याची, पण राहते आमच्याजवळ इथे रत्नागिरीत. माडीवरच्या खोलीत बसून मोबाईलची ॲपं बनवते. पोरगी गुणाची. मला म्हणाल तर देवानं मुलगी दिली नव्हती, ती अशी उशिरा, शिकवून-सवरून पाठवली.

पण हे आमच्या वन्संना कोण सांगणार? कुसुमवन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, राजापूरला दिलेली. मनानं वाईट नाहीत, पण जीभ म्हणजे विळीचं पातं. सून दिवसभर खोलीत बसून काचेवर बोटं फिरवते आणि त्याला काम म्हणते, हे काही त्यांना पटेना. फोन केला की विचारायच्या, "काय गो सुनंदा, तुमची मृणाल उठली का?" सकाळी अकराला! आणि ते 'तुमची' किती लांबवायच्या! लग्नाला दोन वर्षं होत आली, पण एकदा 'आमची मृणाल' म्हणून तोंडातून शब्द नाही. फोन ठेवला की पोरीचं तोंड एवढंसं व्हायचं. मी पुळ्याच्या गणपतीला एकवीस मोदक बोलले होते. म्हटलं, बाप्पा, फार नको, एवढा एक शब्द वदवून घे.

आणि बाप्पानं ऐकलं म्हणायचं! भावोजींची, म्हणजे वन्संच्या यजमानांची, साठीशांत ठरली. मृणालचं नवं ॲप नेमकं पत्रिकांचंच. आपला फोटो घालायचा, मागचं नको ते काढून टाकायचं, तिथं सुंदर देखावा ठेवायचा, खाली मजकूर, आणि पाठवायची सगळ्यांना मोबाईलवरून. मी घाई केली. म्हटलं, "वन्सं, पत्रिका मृणाल करील."

वन्सं म्हणाल्या, "करू दे. बघू तरी काय करते ती दिवसभर."

म्हणजे बघा, पत्रिका नव्हे, परीक्षाच!

फोटो आला. दोघं अंगणात उभी. वन्सं नऊवारीत, भावोजी उपरणं घेऊन, चेहऱ्यावर नव्या नवरदेवासारखी लाज. सगळं छान. पण फोटो काढणाऱ्यानं मागे काय आहे ते बघायचं की नाही? मागे फणस, फणसाला बांधलेली दोरी, आणि दोरीवर भावोजींची पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. अगदी मधोमध. झेंडा लावल्यासारखी.

मृणालचं ॲप मागचं आपोआप काढतं, पण त्याला भावोजींची मान कुठे संपते आणि फणसाचा बुंधा कुठे सुरू होतो ते कळेना. तेव्हा हे काम हातानंच करायला हवं होतं. आणि मृणालची कचेरीची मीटिंग सुरू व्हायची वेळ झालेली. शनिवारची मीटिंग! ती म्हणाली, "आई, तुमचा रांगोळीचा हात आहे. तुम्हीच कराल का? आणि तुम्हाला जमलं तर मला कळेल की ॲप कुणालाही जमेल."

हे शेवटचं वाक्य तिनं कौतुकानं म्हटलं की कशानं, ते मी विचारलं नाही.

तिनं तो पाटीएवढा टॅब माझ्या मांडीवर दिला, हातात ते पेन दिलं आणि समजावलं. "असं समजा, फोटोवर एक पारदर्शक कागद ठेवलाय. त्या कागदावर तुम्ही जिथे रंग भराल तिथला फोटो राहील. जिथे कागद मोकळा, तिथला फोटो जाईल आणि मागचा देखावा दिसेल. ॲप रंग कुठला ते बघतच नाही. काळा असो, पिवळा असो. रंग किती दाट, तेवढंच बघतं. दाट असेल तर फोटो पूर्ण दिसेल, विरळ असेल तर पुसट. कळलं?"

"कळलं गो. न कळायला काय झालं?"

"झालं की 'तयार' दाबा आणि मलाच पाठवा. मी बघते, मग आत्यांना पाठवू." आणि ती माडीवर गेली, दार लावलं.

मी गणपतीचं नाव घेऊन पेन टेकवलं. ते टेकलं नेमकं भावोजींच्या गालावर. आणि काय सांगू, मिशीपासून कानापर्यंत काळाकुळकुळीत पट्टा!

तुम्हीच सांगा, साठीशांत तोंडावर आलेली, घरचे जावई, वडिलांच्या जागी माणूस, आणि त्यांच्या तोंडाला मी काळं फासू? तेही चतुर्थीला? मी घाईघाईनं तो मागे फिरणारा बाण दाबला. पट्टा गेला. तरी तीनदा "क्षमा करा हो" म्हटलं. फोटोलाच.

रंग बदलता येतो हे मला माहीत नव्हतं का? होतं की. आत्ताच सांगून गेली होती पोर. पण घाबरलेल्या माणसाला आपलं जुनंच ज्ञान आठवतं. माझं जुनं ज्ञान रांगोळीचं. आमच्याकडे ते पत्र्याचे छाप असतात ना, भोकं पाडलेले? जमिनीवर छाप ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची. जिथे पत्रा, तिथे रांगोळी अडते. जिथे मोकळं, तिथे नक्षी उमटते. जन्म गेला त्यात. मग मी विचार केला, कॉम्प्युटर झाला म्हणून काय झालं, सृष्टीचा नियम थोडाच बदलणार? काळं म्हणजे पत्रा. नको त्यावर पत्रा ठेवायचा, माणसं मोकळी सोडायची. मृणालच्या बोलण्यात मीटिंगच्या गडबडीत उलटसुलट झालं असेल.

माझ्या डोक्यात झालं असेल हे काही मनात आलं नाही, बघा!

मग काय, बसले रंगवत. फणस काळा केला. दोरी काळी केली. चड्डी तर दोन हात देऊन काळी केली. भावोजींच्या कानाची पाळी, वन्संच्या अंबाड्यातलं फूल, असं नाजूक सोडत सोडत बाहेरून सगळं भरलं, की तुम्ही बघतच राहिला असतात. आमचे हे शनिवारच्या सुट्टीचे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "सुरेख. पण ताई नि भावोजी कोळशाच्या खाणीत का उभे आहेत?"

"तुम्हाला त्यातलं कळत नाही," मी म्हटलं.

मग देखावा निवडायचा होता. तोरण होतं, समया होत्या, केळीचे खांब होते. मला ढगांचा आवडला. निळंशार आकाश, पांढरे ढग, खाली कमळं, वरून सोनेरी किरणं. किती प्रसन्न! तो घेतला. 'तयार' दाबलं.

आणि पत्रिकेत ती दोघं नाहीतच! फणस होता, दोरी होती, चड्डी तर पहिल्यापेक्षा उजळ. आणि मध्ये दोन माणसांच्या आकाराची दोन भोकं, भोकांतून आकाश दिसतंय. मला वाटलं, यायची असतील अजून. आमच्याकडे रेंजचं काही खरं नाही, फोटो असा तुकड्यातुकड्यानं उतरतो. म्हटलं, मृणालकडे पोचेपर्यंत येतील.

'पाठवा' दाबलं. नावं बारीक, चष्मा देवघरात. मृणाल हसतेय असा एक गोल फोटो दिसला, त्यावर बोट ठेवलं.

तो मृणालचा नव्हता. तिच्या लग्नातला सगळ्या घराचा फोटो होता, आमच्या 'आपली माणसं' ग्रुपवरचा. मुंबई, राजापूर, बुरोंडी, झाडून सगळे त्यात.

पहिलं उत्तर आलं ते ह्यांच्या मुंबईच्या चुलतभावाचं, सुधीरभावोजींचं. मजकूर होता ना खाली, मृणालनं आधीच घातलेला, 'या मंगल प्रसंगी उत्सवमूर्तींना शुभेच्छा देण्यास अगत्य यावे', त्यावर त्यांनी लिहिलं, "नक्की येऊ. उत्सवमूर्ती पट्ट्यापट्ट्यांची आहे, छान आहे."

पाठोपाठ वन्संचा फोन.

"काय गो सुनंदा, साठीशांत आमची आहे की आमच्या दोरीची?"

"वन्सं, अहो..."

"मी कुठे आहे त्यात? हे कुठे आहेत? आम्हाला काढून चड्डी ठेवली? ही तुमच्या मृणालची विद्या?"

"नाही हो वन्सं, मृणालनं नाही, मी केलं ते. तिला ठाऊकसुद्धा नाही."

"पुरे! सुनेवर पांघरूण घालू नकोस. तू पहिल्यापासून मऊ. तुला काय येतंय टॅबमधलं?"

"खरंच मीच हो. गणपतीची शपथ!"

"उपासाच्या दिवशी शपथा घेतेस तिच्यासाठी? काय जादू केलीय गो तुझ्यावर!"

आता सांगा, काय करायचं? मी जेवढं "मी, मी" म्हणावं तेवढी मी साध्वी ठरायला लागले आणि पोर अपराधी! 'आमची मृणाल' राहिलं बाजूला, 'तुमची'सुद्धा हातची जायची वेळ. म्हटलं, "वन्सं, थांबा. आत्ता, या क्षणी दुसरी पाठवते. माझ्या हातची."

तेव्हा माडीवर जाऊन दार ठोठावलं असतं तर हा किस्सा इथेच संपला असता. पण मृणालची मीटिंग मोडायची कशी? आणि आता मला सगळं कळलं होतं! पोरीनं सांगितलं तेच खरं. रंग लागेल ते राहील. म्हणजे रंग माणसांनाच लावायचा.

या वेळी काळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रंगांची थाळी उघडली आणि हळदीचा पिवळा घेतला. हळद! मन कसं शांत झालं. साठीशांत म्हणजे पुन्हा एकदा लग्नच की. लग्नाआधी हळद लागते ती लागू दे. मी आधी वन्संना लावली, मग भावोजींना. आणि हळद काय कुणी गिलावा थापल्यासारखी थापतं का? हलक्या हातानं लावतात. थोरांना तर आणखी हलक्या. तिथे एक दाट-विरळ करायची पट्टी होती, ती मी अगदी खाली आणली. वाटेल न वाटेल अशी पिवळट झाक. सर्वांगावरून फिरवली, डोक्यापासून पावलांपर्यंत.

शेवटी कुंकू. ते मात्र ठसठशीतच हवं. पट्टी पूर्ण वर नेली, लाल घेतला, वन्संच्या कपाळावर कुंकवाची टिकली आणि भावोजींच्या कपाळावर उभं गंध रेखलं. हात जोडले. 'तयार' दाबलं.

अहाहा! चड्डी गेली, फणस गेला, दोरी गेली. आणि ढगांमध्ये, सोनेरी किरणांत, कमळांच्या वर ती दोघं उभी. पुसटशी, धुक्यासारखी, आरपार ढग दिसतायत. कपाळं तेवढी लखलखीत. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, किती तेजःपुंज दिसतायत!

ह्यांना न दाखवताच ग्रुपवर पाठवली. पहिली चूक सगळ्यांनी बघितली, आता दुरुस्तीही सगळ्यांनी बघायला नको?

ग्रुपवर आधी जोडलेल्या हातांचं एक चित्र आलं. मग आणखी. हातच हात! मला वाटलं, बघा, नमस्कार करतायत दोघांना. मग सुधीरभावोजींनी लिहिलं, "अरे देवा! दोघंही? एकदम?" ह्यांच्या बुरोंडीच्या मावशींनी बोलून पाठवलं, "काल तर कुसुमशी फोनवर बोललें मी, चांगली खणखणीत होती गो!" आणि रडणं.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. मोबाईल बघितला. माझ्याकडे बघितलं. "सुनंदा," हे म्हणाले, "ताईला तू कधी मारलंस?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ढग, किरणं, कमळं, पुसट माणसं, आणि खाली तोच 'अगत्य यावे'! असं चित्र बघितल्यावर मजकूर नीट वाचतंय कोण?

मी "मृणाल!" अशी हाक मारली, ती बहुतेक मिऱ्या बंदरापर्यंत गेली असेल. मीटिंग तशीच टाकून पोर धावत जिना उतरली. बघितलं तिनं. आधी पांढरी पडली. मग ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "आई, ॲपनं चूक नाही केली. तुम्ही सांगितलं तसंच केलंय त्यानं. रंग पाव भरलात, आत्या पाव उरल्या."

तिकडे राजापूरला वेगळंच रामायण. फोनवर फोन! एक फोन भावोजींनी स्वतः उचलला. पलीकडून कुणी लांबचे नातेवाईक रडत रडत म्हणाले, "फार वाईट झालं हो. कसं झालं?"

भावोजी म्हणाले, "अहो, काही झालेलं नाही. मीच बोलतोय."

पलीकडून आणखी मोठा हुंदका. "बाळा, आवाज अगदी वडिलांसारखा आहे रे तुझा!"

शेवटी मृणालनं तोंड दिसणारा फोन लावला. पडद्यावर वन्सं. पूर्ण दिसत होत्या, चांगल्या दाट, आणि लालबुंद. "बोला! आता आणखी कुठे पाठवणार आहात आम्हाला?"

मी पुढे झाले. "वन्सं, सगळी चूक माझी."

माझा खांदा बाजूला सारून मृणाल पुढे आली. "आत्या, चूक ॲपची आहे. म्हणजे माझी. आईंनी कुठलाही रंग कसाही भरला तरी माणसं नीट राहायला हवीत. पाठवण्याआधी ॲपनं विचारायला हवं होतं. तेवढी अक्कल मी त्यात घातली नाही. मी सगळ्यांना एकेक फोन करून सांगते."

"अगो, तुझी कशी?" मी म्हटलं. "तू सांगितलं होतंस!"

"पण तुम्हाला कळेल असं नव्हतं सांगितलं."

"कळलं होतं, मी ऐकलं नाही!"

"आई, तुम्ही गप्प बसा ना."

"तू गप्प बस!"

वन्सं आळीपाळीनं आमच्या दोघींकडे बघत राहिल्या. दोष आपल्याकडे ओढायला सासू-सुना भांडतायत हे त्यांनी जन्मात बघितलं नसावं. मीही नव्हतं बघितलं.

तेवढ्यात मागून भावोजींनी डोकं घातलं. हसून हसून डोळे पुसत होते. "वहिनी, आपल्या मागे कोण किती रडणार ते जिवंतपणी कळायला भाग्य लागतं! साठीला याहून मोठी भेट काय? सुधीर तर रडला म्हणे."

ग्रुप बघून हे म्हणाले, "रडला नाही. 'सोमवारी सुट्टी टाकू का' विचारलंय."

आणि मग वन्संच्या मागे आणखी एक तोंड दिसलं. त्यांच्या जाऊबाई, समोरच्याच घरातल्या. त्या फणसावरून दोघींचं बोलणं किती वर्षं बंद होतं. ती बाई पत्रिका बघून अनवाणी पळत आली होती, आणि येऊन बघते तर वन्सं ओटीवर नारळ खवतायत! त्या वन्संना ओरडत होत्या, "जीव गेला ना माझा! सांगता येत नाही, जिवंत आहात म्हणून?" आणि डोळ्यांना पदर लावत होत्या. वन्संनी मुकाट्यानं त्यांच्यापुढे पाट सरकवला. मग पडद्याकडे वळून, आवाज जरा खाकरून म्हणाल्या, "बरं. झालं ते झालं. ती ढगातली पत्रिका पुसू नका हो, मला ठेवायचीय. आणि सुनंदा, शांतीला दोन दिवस आधीच ये. आमच्या मृणालला घेऊन."

मी फोन तसाच धरून देवघराकडे हात जोडले. मोबाईलमध्ये त्यांना नुसतं आमचं छत दिसलं म्हणे.

साठीशांत थाटात झाली. नुसती थाटात? मांडव पुरेना! एरवी पत्रिका बघून न येणारेही आले, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायला. भावोजींना जो तो चिमटा काढून बघत होता. वन्संनी मृणालला क्षणभर सोडलं नाही. "ही आमची मृणाल. मोबाईलची ॲपं बनवते. डोकं लागतं हो त्याला!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पुळ्याला मोदकही पोचले.

परत आल्यावर मृणालनं ॲप सुधारलं. आता ते पाठवण्याआधी नीट विचारतं, माणसं दिसतायत का, पुसट तर नाहीत ना. मला म्हणाली, "आई, मांडवातला सगळ्यांचा फोटो आहे, तो तुम्हीच करा. तुम्हालाच जमायला हवं." मी एक अख्खी दुपार बसले. चष्मा लावून! हळद-कुंकवाचेच रंग घेतले, पण या वेळी चांगले दाट. वन्सं, भावोजी, त्यांच्या जाऊबाई, सुधीरभावोजी, मावशी, हे, मृणाल, एकेकाला अगदी नखशिखान्त भरलं. ॲपनं विचारलं, "सर्व माणसं दिसत आहेत का?" मी एकेक तोंड तपासलं. सगळी होती, दाट, हसरी. 'हो' म्हटलं. मागे केळीचे खांब ठेवले. ढगांचं नाव काढलं नाही. ग्रुप पुन्हा पुन्हा बघून घेतला आणि पाठवली.

शाबासकीचे अंगठेच अंगठे! कुणी बोट ठेवायला जागा नाही. मी चहा टाकायला उठले, तोच मृणाल म्हणाली, "आई, तुम्ही कुठे आहात?"

"ही काय, इथे."

"फोटोत हो!"

आता मला सांगा, चारचौघी सवाष्णी असताना स्वतःच्या हातानं स्वतःला हळदकुंकू कोण लावून घेतं? आपण दुसरीला लावायचं, दुसरी आपल्याला लावते. सवयच ती. सगळ्यांना लावून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं होतं. वन्संच्या आणि मृणालच्या मध्ये, जिथे मी उभी होते, तिथे एक छानसा केळीचा खांब होता.

तेवढ्यात ग्रुपवर वन्संचं उत्तर आलं. "शाबास मृणाल! आता ॲप निर्दोष झालं. या फोटोत शोधूनही चूक दिसत नाही."

आणि त्यावर पहिला अंगठा कुणाचा असेल? समोर आरामखुर्चीत पेपराआड बसले होते, आमचे हे!